सही करता येते तोवर

आत्याच्या घरात मोरीला सहा इंचांचा कट्टा होता. १९७१ साली मुलुंडमध्ये त्यांची सोसायटी उभी राहिली, तेव्हा मोरीतलं पाणी स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून घातलेला. पन्नासहून जास्त वर्षं ती तो कट्टा खाली न बघता ओलांडत होती. २०२४ च्या पावसाळ्यात एकदा पहाटे पाणी भरायला उठली आणि पाय अडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, आणि बाराव्या दिवशी हॉस्पिटलने घरी न्यायला सांगितलं. इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, आत्या तिसऱ्या मजल्यावर. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तिला वर चढवलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि ती कठडा धरायला हात पुढे करायची. त्यानंतर चार महिने ती खाली उतरली नाही.

आत्याने ३१ वर्षं एका खासगी कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली. प्रॉव्हिडंट फंडाचं पेन्शन येतं महिना २,१४० रुपये. बँकेत चार-सव्वाचार लाख. आणि ४२० चौरस फुटांचं घर. काकांचं दुकान बुडालं होतं, म्हणून घर तिच्या नावावर घेतलेलं आणि हप्ते तिच्याच पगारातून फेडलेले. मुंबईत अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. गिरण्यांत, छापखान्यांत, पेढ्यांवर, ऑफिसांत आयुष्य काढलं, हाती रोख फारशी उरली नाही, पण ज्या भिंतींच्या आत बसली आहेत त्यांची किंमत मात्र लाखांत गेली.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा माणसाचं घर हा त्याच्या म्हातारपणाचा पैसा आहे. वारसांनी लक्ष ठेवून बसावं अशी ती ठेव नाही. घरी सांभाळणं खरोखर जमत नसेल आणि चांगली देखभाल विकत घ्यावी लागत असेल, तर ते घर विकावं, संकोच न करता विकावं. आणि तो माणूस स्वतः समजून-उमजून सही करू शकतो तोवर विकावं. या शेवटच्या वाक्याकडे आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून मुख्यतः त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

घर विकायचं चाललं आहे हे नात्यात पसरलं, तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली, “म्हणजे काकीला आश्रमात टाकणार.” मुलाला आपण पाळणाघरात ठेवतो, शाळेत घालतो. आजारी माणसाला दवाखान्यात दाखल करतो. म्हातारं माणूस तेवढं आश्रमात “टाकतो”. त्या एका शब्दाच्या धाकाने किती घरं गप्प बसतात! शेजारचे काय म्हणतील, गावाकडचे काय म्हणतील, म्हणून म्हातारीला तिसऱ्या मजल्यावर ठेवून बाहेरून कुलूप लावून कामाला जाणारी चांगली, प्रेमळ मुलं मी पाहिली आहेत. ती दुष्ट नाहीत, घाबरलेली आहेत.

“घरीच सांभाळा” म्हणणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारते: कोणी? उत्तर नेहमी एखाद्या बाईपाशी येऊन थांबतं. सून, नाहीतर लेक, नाहीतर भाची. मी ठाण्यात वन बीएचकेत राहते, घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत, दहावीतला मुलगा आहे, आणि सकाळी ८.१० ची लोकल आहे. आत्याला मी आनंदाने आणलं असतं. पलंग ठेवायला जागा नव्हती आणि दिवसभर तिच्याजवळ बसायला माणूस नव्हतं. ज्या कुटुंबाकडे जागा आहे, माणूस आहे आणि मनही आहे, त्यांनी घरीच सांभाळावं, त्यासारखं दुसरं काही नाही. पण मुंबईत ही तिन्ही एका घरात सापडणं किती अवघड आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि तरी सल्ला देताना आपण ते विसरतो.

चोवीस तासांची बाई ठेवून पाहिली. ब्युरोचा दर महिन्याला २७,००० रुपये, जेवण-चहा वेगळा. चार महिन्यांत पाच बायका बदलल्या. त्यांना दोष देत नाही. एकटीने एका माणसाला चोवीस तास उचलायचं, पुसायचं, रात्री तीनदा उठायचं, हे कोणाच्याही ताकदीबाहेरचं काम आहे. गणपतीत एक गावाला गेली ती परतली नाही, आणि ते दोन दिवस मी आत्याकडे रजा टाकून राहिले. दुसऱ्या रात्री तिला कुशीवर वळवताना माझीच पाठ धरली, तेव्हा कळलं की हे माझ्याच्याने एकटीने होणार नाही.

आता हे घर कोणाचं, यावर बोलते, कारण खरा वाद तिथेच होता. आत्याला मूल नाही. काका १९९८ साली गेले. मृत्युपत्र न करता ती गेली असती, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे घर काकांच्या वारसांकडे, म्हणजे त्यांच्या पुतण्यांकडे गेलं असतं. माहेरच्यांचा क्रम त्याच्या मागे. बाईने स्वतःच्या कमाईतून घेतलेली मिळकत असली तरी क्रम हाच. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तसा निकाल दिला आहे. मला तो नियम अन्यायाचा वाटतो, पण आज कायदा तो आहे. तेव्हा त्या घरातला एक पैसाही मला वारसाने येणार नव्हता, आणि ज्यांना येणार होता ते म्हणत होते, “एवढी घाई कशाला? रीडेव्हलपमेंट होऊ दे.”

रीडेव्हलपमेंट. मुंबईतल्या जुन्या घरांचं सगळं गणित या एका शब्दाने बिघडतं. आत्याच्या सोसायटीत २०१६ पासून त्याच्या सभा चालू आहेत. ५१ टक्के संमती लागते, ती एकदा झाली, मग बिल्डर बदलला, मग पुन्हा सभा. नवी इमारत झाली की घर मोठं होईल, लिफ्ट येईल, किंमत कुठल्या कुठे जाईल, हे सगळं खरं आहे. पण ती किंमत मिळेल तेव्हा ८१ वर्षांची आत्या कुठे असेल? मधली तीन-चार वर्षं ती भाड्याच्या कोणत्या घरात, कोणत्या मजल्यावर राहील? थांबण्याचा फायदा थांबू शकणाऱ्याला होतो. घराची किंमत दर वर्षी वाढत होती आणि आत्याची चालायची ताकद दर महिन्याला कमी होत होती. यातलं काय आधी संपणार हे पुतण्यांनाही कळत होतं. ते तसे वाईट नाहीत. फक्त “आपलं” घर जाणार, या भावनेने बोलत होते, आणि ते घर आपलं कधीच नव्हतं हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

गंमत म्हणजे कायद्याने हा विचार आधीच करून ठेवला आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मूल नसलेल्या ज्येष्ठाच्या बाबतीत स्पष्ट सांगतो: ज्या नातेवाइकाच्या ताब्यात त्याची मिळकत आहे किंवा ज्याला ती वारसाने मिळणार आहे, त्याने ऐपत असेल तर त्याला सांभाळायचं. म्हणजे घरावर डोळा ठेवायचा असेल तर आधी पलंगापाशी बसायचं. फक्त न्यायाधिकरण जास्तीत जास्त किती रक्कम ठरवू शकतं? महिना १०,००० रुपये. २००७ साली ती मर्यादा बरी वाटली असेल. आज मुंबईत तेवढ्यात डायपर, औषधं आणि अर्ध्या दिवसाची बाईसुद्धा बसत नाही.

घर न विकता पैसा उभा करायचे मार्ग आम्ही पाहिले नाहीत असं नाही. भाड्याने द्यायचं म्हटलं तर दलालाने २२,००० सांगितले: तिसरा मजला, लिफ्ट नाही, जुन्या मोझॅकच्या फरश्या, मोरी स्वयंपाकघरातच. आम्हाला पसंत पडलेल्या वृद्धनिवासाचा खर्च महिना ४५,०००, शिवाय औषधं-डायपर ८,०००. म्हणजे महिन्याला ३१,००० ची तूट, पाच वर्षांत अठरा लाखांहून जास्त. ती कोण भरणार यावर बैठकीत सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मग रिव्हर्स मॉर्गेज. २००७-०८ च्या अर्थसंकल्पात याची घोषणा झाली, नंतर नॅशनल हाउसिंग बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार योजना आली. घर बँकेकडे गहाण ठेवायचं, बँक दर महिन्याला पैसे देणार, फेड आपल्या पश्चात घरातून. ऐकायला म्हाताऱ्यांसाठीच केल्यासारखी. पण इमारतीचं उरलेलं आयुष्य किमान वीस वर्षांचं हवं, आणि कर्जदार त्याच घरात राहत असायला हवा. सलग वर्षभर तो तिथे राहिला नाही तर कर्ज फेडीला येतं. म्हणजे जी इमारत मोडकळीला आली आहे तिच्यावर मिळत नाही, आणि जो माणूस देखभालीसाठी दुसरीकडे राहायला जातो त्याच्या कामाची नाही. मुंबईतल्या जुन्या घरातल्या अंथरुणावरच्या माणसाला यातून काय मिळायचं?

मग विक्री. घर ८८ लाखांना गेलं. मोडीत काढायच्या घराला आलेला भाव तो. घेणाऱ्या जोडप्याने दारातूनच आतलं सगळं तोडायचं ठरवलं होतं. जुन्या घरांसाठी कायदा धरू देतो ती २००१ ची किंमत धरून नफा काढला आणि त्यावर १२.५ टक्के कर बसला, सेस धरून दहा लाखांच्या वर. हा कर वाचवता येतो: दुसरं घर घ्या, किंवा सरकारी रोख्यांत पाच वर्षं पैसे अडकवा, तेही ५० लाखांपर्यंतच. ८१ वर्षांच्या बाईने दुसरं घर घेतलं तर सवलत, आणि जन्मभराच्या देखभालीसाठी पैसे भरले तर काही नाही. या नियमाचा मला मनापासून राग आहे. घर विकून माणूस पुन्हा घरच घेईल, हे गृहीत धरून तो केलेला आहे. घर विकून माणूस आपली शेवटची वर्षं विकत घेतो, हे कर ठरवणाऱ्यांच्या मनातच आलेलं नाही. एखाद्या नोंदणीकृत निवासात किंवा स्वतःच्या नावे देखभालीसाठी बांधून ठेवलेल्या खात्यात गेलेल्या रकमेवर हा कर माफ करायला काय हरकत आहे? सरकारचं त्यात फारसं जाणार नाही आणि हजारो घरांचा एक-दोन वर्षांचा खर्च निघेल.

कर, दलाली आणि निवासाचं तीन लाखांचं डिपॉझिट जाऊन, तिची जुनी शिल्लक धरून हातात साधारण ७५ लाख उरले. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ८.२ टक्क्यांनी, दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. बाकीच्या मुदत ठेवी. सरासरी व्याज ७ टक्के आणि निवासाच्या दरातली वाढ वर्षाला ८ टक्के धरली, तर हे पैसे जवळपास बारा वर्षं पुरतात. आत्या तेव्हा ९३ वर्षांची असेल. हा हिशेब मी चारदा करून पाहिला, कागदावर, तिच्यासमोर. तिने चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “डिपॉझिट परत मिळतं का?” मी निवासाला फोन करून विचारलं. अर्धं मिळतं. मग ती म्हणाली, “ते लिहून घे.”

नोंदणीचा दिवस मी विसरणार नाही. व्हीलचेअरवरून आत्याला नेली. अंगठ्याचा ठसा घेण्याचं मशीन तिचा ठसा ओळखेना. म्हाताऱ्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ओल्या फडक्याने पुसून, फुंकर घालून, एकेक बोट करत पाचव्या वेळेला घेतला. मग अधिकाऱ्याने विचारलं, “आजी, हा कशाचा कागद आहे माहीत आहे ना?” आत्या म्हणाली, “माझं घर विकतेय. अठ्ठ्याऐंशी लाखाला. एक टक्का टीडीएस कापून.” त्याने मान हलवली आणि शिक्का मारला. (आजारी, म्हाताऱ्या माणसासाठी अधिकारी घरी येऊन नोंदणी करू शकतात, अशी तरतूद १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. आम्हाला ती नंतर कळली. तुम्हाला आधी कळावी.)

त्या एका उत्तरावर सगळं उभं आहे. तेच उत्तर तिला वर्षभराने देता आलं नसतं तर? लोकांना वाटतं, पॉवर ऑफ अॅटर्नी करून ठेवली की झालं. होत नाही. आपल्या करार कायद्याप्रमाणे, १८७२ पासून, देणाऱ्याची समज गेली की कुलमुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो कागद करून कपाटात ठेवतो, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. काही देशांत समज गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे नाही. मानसिक आरोग्याचा १९८७ चा कायदा होता, त्यात अशा माणसाच्या मिळकतीसाठी पालक नेमायची सोय होती. २०१७ चा नवा कायदा आला, त्यात ती सोय आलीच नाही. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यातल्या स्थानिक समित्या पालक नेमतात, पण त्या स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. डिमेन्शिया त्यात बसत नाही. म्हणून आईला विसरभोळेपणाचा आजार जडला की मुंबईतली कुटुंबं थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. आईच्या पासबुकातून आईच्याच औषधाचे पैसे काढायला उच्च न्यायालय!

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. इतक्या घरांना वकील लावून फोर्टातल्या उच्च न्यायालयात पाठवायचं, की जिल्हा पातळीवर, २००७ च्या कायद्याचं जे न्यायाधिकरण आहे तिथेच, डॉक्टरांच्या दाखल्यावर, हिशेब दाखवायच्या अटीवर पालक नेमायची सोय करायची? माझ्या मते दुसरं. आणि त्याच्या जोडीला समज गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र, नोंदवलेलं, एकाऐवजी दोघांच्या नावे, दर वर्षी हिशेब मागता येईल असं.

इथे एक रास्त भीती आहे आणि ती मी टाळणार नाही. घर विकून पैसा हातात आला की नातेवाईक तो खातील. खातात. बक्षीसपत्र करून घेतात; महाराष्ट्रात मुलाला, मुलीला, नातवंडांना राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, सोपं काम. आणि मग म्हातारीला खोलीतल्या कोपऱ्यात खाट. २००७ च्या कायद्याचं २३ वं कलम अशी बक्षिसी रद्द करायची वाट देतं, पण सांभाळण्याच्या अटीवर ती दिलेली असली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीवर बोट ठेवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला हवा असं सांगितलं. तरी कोर्टाच्या उदारपणावर विसंबू नये. बक्षीसपत्र करायचंच असेल तर “मला मरेपर्यंत सांभाळायचं” हे वाक्य त्यात शब्दांत लिहून घ्या. आणि मला विचाराल तर बक्षीसपत्र करूच नका. मृत्युपत्र करा, ते जिवंतपणी बदलता येतं. विक्रीचा पैसा विकणाऱ्याच्याच खात्यात राहू द्या. आत्याच्या खात्यावर दुसरं नाव नाही. दर महिन्याचा खर्च पुतण्यांसह सगळ्यांच्या ग्रुपवर फोटो काढून टाकते. सुरुवातीला कोणी बघत नव्हतं. आता मोठा पुतण्या बिलातली चूक दाखवतो, आणि दोन महिन्यांतून एकदा भेटायलाही जातो.

निवास शोधताना जे पाहिलं ते मात्र मन खचवणारं होतं. मुंबईत जागेचा भाव असा की म्हाताऱ्यांची घरं शहराबाहेर ढकलली गेली आहेत: वसई, बदलापूर, नेरळ, कर्जत, पनवेल. रविवारी भेटायला जाऊन यायचं तर दिवस जातो, म्हणून रविवार महिन्यातून एक होतो. आम्ही सात ठिकाणी गेलो. पाच ठिकाणी पहिलाच प्रश्न, “चालत्या-फिरत्या आहेत ना?” स्वतः उठून संडासला जाणारं माणूस त्यांना हवं होतं. अंथरुणाला खिळलं की घेऊन जा, असं एका ठिकाणी छापील नियमातच लिहिलेलं. म्हणजे ज्यासाठी घर विकायचं, ती गरज आली की तुम्ही पुन्हा रस्त्यावर, आणि आता घरही नाही. घर विकण्याआधी हा एक प्रश्न लेखी विचारा: हिची अवस्था बिघडली तर तुम्ही ठेवणार का, किती जादा घेणार, आणि बंद करायची वेळ आली तर डिपॉझिटचं काय? आम्ही विचारला तेव्हा दोन ठिकाणी व्यवस्थापकांचा चेहरा बदलला. ज्यांनी शांतपणे कागद काढून दाखवला, तिथे आत्या राहते.

२०२४ मध्ये महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले: दारं रुंद, लिफ्ट, धरायला दांड्या. चांगलं झालं. पण ते इमारतीचे नियम. रात्री पंचवीस जणांमागे किती माणसं जागी असतात, कुशी किती तासांनी बदलतात, पाठीला जखम झाली तर कोणाला कळवतात, हे प्रवेशाआधी छापील स्वरूपात द्यायची सक्ती सरकारने प्रत्येक निवासावर करायला हवी. आणि शहरात जुन्या इमारतींच्या जागी जी शेकडो बांधकामं चालली आहेत, बिल्डरांना जादा चटईक्षेत्र दिलं जातं आहे, त्यातल्या मोठ्या प्रकल्पांत तळमजला म्हाताऱ्यांच्या देखभालीला का राखून ठेवू नये? म्हातारीने मुलुंडचं घर विकून मुलुंडमध्येच, ओळखीच्या भाजीवाल्याच्या हाकेच्या अंतरावर राहावं, ही मागणी मोठी नाही.

हे सगळं घर असलेल्यांचं झालं. ज्यांच्याकडे विकायला काही नाही, त्यांच्यासाठी जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम, हे त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात आहे, पण “राज्य सरकार स्थापन करू शकेल” अशा शब्दांत. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून ५ लाखांचा आयुष्मान विमा आहे, पण तो हॉस्पिटलात दाखल झाल्यावरचा. घरी परतल्यानंतरच्या हजार दिवसांचं त्यात काही नाही.

आणि पागडीवाल्यांचं, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर कायम राहणाऱ्या भाडेकरूंचं? माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे काका गिरगावात पागडीच्या खोलीत राहायचे. अविवाहित, १८० चौरस फूट, संडास बाहेर. पागडीची खोली मालकाच्या संमतीने, त्याचा वाटा देऊन दुसऱ्याच्या नावे करता येते. रिवाजाने तो वाटा साधारण एक तृतीयांश. तरी उरतं त्यात काकांची पाच-सहा वर्षं निघाली असती. तीन वर्षांपूर्वी ते स्वतःच म्हणाले होते, “विकून टाक, मला कुठेतरी नेऊन ठेव.” सहकाऱ्याने मनावर घेतलं नाही. काकांना आश्रमात टाकलं असं लोक म्हणतील, म्हणून. आता काकांना त्याचं नावही आठवत नाही. त्यांना बदलापूरजवळच्या एका निवासात ठेवलं आहे, खर्च दोन भाऊ पगारातून करतात. खोली विकायला काकांची सही हवी, ती आता चालत नाही. उच्च न्यायालयात पालक नेमण्यासाठी याचिका केली आहे. पोटभाडेकरू ठेवला तर मालक खाली करायचा दावा लावू शकतो. आणि भाडे नियंत्रणाच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे योग्य कारणाशिवाय खोली सलग सहा महिने बंद राहिली, तरी दावा लावता येतो. आजारपण हे योग्य कारण आहे की नाही, ते धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात कित्येक वर्षांनी ठरेल. मालकाच्या वकिलाची पहिली नोटीस आली आहे. म्हणून माझा सहकारी दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर डोंबिवलीच्या घरी न जाता गिरगावला जातो, काकांच्या खोलीचं कुलूप उघडतो, दिवे लावतो, वीजबिलावर थोडे युनिट चढावेत म्हणून पंखा चालू ठेवून रात्रभर तिथे झोपतो, आणि रविवारी सकाळी दोन शेजाऱ्यांना दिसेल असा दारात उभा राहून चहा पितो.